दुचाकीचे आवरण उतरविताना आणि चढविताना

पावसाळा ओसरला, की रविवारी सकाळी सोसायट्यांच्या आवारात एक दृश्य हमखास दिसते. दुचाकी डबल स्टँडवर उभी असते, शेजारी जुन्या वर्तमानपत्रावर पाने मांडलेले असतात आणि मालक उकिडवा बसून गाडीच्या बाजूचे झाकण ओढत असतो. एअर फिल्टर झटकणे, बॅटरीची टोके पुसणे, प्लग तपासणे ही कामे घरच्या घरी करण्याजोगी आहेत आणि अनेक जण ती हौसेने करतातही. मात्र त्या भागापर्यंत पोहोचण्यासाठी जे झाकण उघडावे लागते, तेथेच खटकन आवाज होतो आणि प्लॅस्टिकचा कान तुटून हातात येतो. दहा मिनिटांच्या कामापायी संपूर्ण झाकण नवे घेण्याची वेळ येते.

हे नुकसान निदान समोर दिसते. आवरण परत बसविताना झालेली चूक मात्र बहुधा दिसत नाही. टाकीखाली दबलेली वायर, हँडल वळविल्यावर ताणली जाणारी ॲक्सिलरेटरची केबल, राहून गेलेली पाण्याच्या निचऱ्याची नळी या गोष्टी आठवड्याने वा महिन्याने रस्त्यात प्रकट होतात. म्हणूनच आवरण काढण्यापेक्षा ते चढविण्याचे काम अधिक जोखमीचे आहे.

पत्र्याकडून प्लॅस्टिककडे

पूर्वीच्या गाड्यांना ही अडचण फारशी नव्हती. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकचे पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा होता आणि इंजिनावरचे झाकण काढायला खास कौशल्य लागत नसे. बुलेट, राजदूत या मोटरसायकलींचे मडगार्ड, पेट्या, झाकणे सगळी पत्र्याची. पत्रा वाकतो, पोचतो, गंजतो. पण सहसा तुटत नाही. वाकलेला पत्रा हातोडीने सरळ करता येतो. १९९४ मध्ये आलेल्या हिरो होंडा स्प्लेंडरसारख्या शंभर सीसीच्या गाड्यांनी बाजूची प्लॅस्टिकची झाकणे घरोघरी पोहोचविली. २००३ मध्ये हिरो होंडाच्या करिझ्मामुळे हँडलच्या पुढचे अर्धे अंग झाकणारे फेअरिंग आणि २००८ मध्ये यामाहाच्या आर-१५ मुळे इंजिनही झाकून टाकणारे पूर्ण फेअरिंग मध्यमवर्गीय तरुणाच्या आवाक्यात आले. गाडी देखणी झाली, वाऱ्याचा विरोध घटला. पण जे काम पूर्वी दोन बोल्टांत होत असे, त्यासाठी आता दहा-पंधरा स्क्रू आणि तितक्याच क्लिपा काढणे आले.

या आवरणासाठी प्रामुख्याने दोन प्रकारचे प्लॅस्टिक वापरतात. रंगविलेली, चकचकीत झाकणे बहुधा एबीएस या टणक प्लॅस्टिकची असतात. आतील काळी आवरणे, मडगार्डाचे भाग पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे किंचित लवचिक आणि स्पर्शाला मेणचट असतात. झाकणाच्या आतील बाजूस कोन असलेल्या चिन्हांत ‘एबीएस’ किंवा ‘पीपी’ अशी रोमन अक्षरे अनेकदा उमटविलेली सापडतात. ती एकदा पाहून ठेवावीत, कारण पुढे दुरुस्तीची वेळ आल्यास सारे त्यावर अवलंबून असते.

झाकण कशाने धरलेले असते

झाकण तुटते ते जोर कमी पडल्यामुळे नव्हे, तर चुकीच्या दिशेने जोर लावल्यामुळे. साध्या मोटरसायकलच्या बाजूच्या झाकणाला आतून दोन-तीन खुंट्या असतात. चौकटीवरील छिद्रांत रबरी कडी, म्हणजे ग्रोमेट, बसविलेली असतात आणि खुंट्या त्यांत घट्ट रुततात. हे झाकण सरळ आपल्याकडे, गाडीशी काटकोनात ओढायचे असते. एका कोपऱ्यात बोटे घालून उचकटले, की दूरची खुंटी तिरकी होऊन मुळातून तुटते. प्रत्येक खुंटीच्या अगदी जवळ धरून ती एकेक करून सैल करावी. काही गाड्यांत झाकणाला चावीचे कुलूप किंवा एखादा स्क्रू असतो. तो तसाच ठेवून ओढाताण करणारे महाभागही आहेत.

सीटमागच्या शेपटीकडील आवरणाला खुंट्यांऐवजी आकडे असतात. ते झाकण बाहेर ओढायचे नसते, तर आधी पुढे किंवा मागे सरकवून आकडा खाचेतून सोडवायचा असतो. दिशा कशी ओळखावी? एका बाजूचे झाकण निघाले, की ते उलटे करून निरखावे. दुसरी बाजू बहुतेक वेळा त्याची आरशातील प्रतिमा असते. सर्वांत भरवशाचा मार्ग अर्थातच गाडीसोबत मिळालेली पुस्तिका. ती बहुतेकांच्या घरी कपाटात कोऱ्या अवस्थेत असते.

गाडी चार-सहा वर्षांची झाली, की ग्रोमेटचे रबर सुकून टणक होते आणि खुंटी धरून ठेवते. अशा वेळी रबरावर साबणाच्या पाण्याचे दोन थेंब सोडावेत किंवा सिलिकॉनचा फवारा मारावा. इंजिन ऑइल, ग्रीस, पेट्रोल यांचा मोह टाळावा, कारण खनिज तेलाने अनेक प्रकारचे रबर फुगते. थंडीच्या दिवसांत पहाटे प्लॅस्टिक अधिक ठिसूळ असते. गाडी थोडा वेळ कोवळ्या उन्हात उभी करून मग काम सुरू केले, तर निम्मी तुटफूट टळते.

फेअरिंगच्या आतील बाजूस आणि स्कूटरच्या पायाजवळच्या भागात प्लॅस्टिकच्या काळ्या गोल क्लिपा आढळतात. यांतील एका प्रकारात मधली खिळी टोकदार वस्तूने किंचित आत दाबायची असते. ती आत गेली, की क्लिपेचे पाय मिटतात आणि क्लिप अलगद निघते. दुसऱ्या प्रकारात मधली खिळी स्क्रू ड्रायव्हरने वर उचलायची असते. पहिल्या प्रकारची क्लिप पुन्हा लावण्यापूर्वी खिळी मागून ढकलून डोक्याच्या वर काढावी लागते. क्लिप छिद्रात बसवावी आणि मग खिळी दाबून सपाट करावी. हे माहीत नसल्याने पक्कडीने क्लिपा उपटल्या जातात आणि परत बसविताना ‘राहू दे, बाकीच्या आहेत’ असे म्हणून जागा रिकाम्या सोडल्या जातात. ही सवय काही गॅरेजांनाही आहे. दोन क्लिपा कमी झाल्या, की झाकण थरथरू लागते आणि ती थरथर उरलेल्या कानांना तडे पाडते.

स्क्रूचे डोके

आवरणावरील फुल्लीच्या खाचेचे स्क्रू घसरतात, डोके गुळगुळीत होते आणि मग ड्रिलशिवाय इलाज उरत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. याचे एक कारण फार थोड्यांना ठाऊक असते. जपानी घडणीच्या गाड्यांतील, आणि त्या परंपरेतून आलेल्या अनेक भारतीय गाड्यांतील, फुल्लीचे स्क्रू जपानी औद्योगिक मानकानुसार, म्हणजे ‘जेआयएस’ पद्धतीने घडविलेले असतात. आपल्याकडे बाजारात सर्रास मिळणारा फिलिप्स पद्धतीचा स्क्रू ड्रायव्हर त्यांत बसल्यासारखा वाटतो, पण पूर्ण खोल जात नाही आणि जोर लावताच उसळून बाहेर येतो. अशा स्क्रूच्या डोक्यावर खाचेशेजारी बहुधा एक छोटा खोलगट ठिपका असतो. हत्यारांच्या चांगल्या दुकानात जेआयएस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर मागून घ्यावा. घरगुती हत्यारपेटीत त्याच्याइतकी उपयोगी भर दुसरी नाही.

याखेरीज आठ आणि दहा नंबरचे पाने, चार आणि पाच मिलिमीटरच्या ॲलन की आणि एक टी-पाना एवढ्यावर बहुतेक आवरणे उतरतात. निघालेले बोल्ट वाटीत एकत्र टाकू नयेत. फेअरिंगचे बोल्ट सारखे दिसले, तरी त्यांची लांबी वेगवेगळी असते. आखूड बोल्टाच्या जागी लांब बोल्ट गेला, तर त्याचे टोक आतल्या वायरला किंवा रेडिएटरला टेकू शकते. पुठ्ठ्यावर गाडीची ढोबळ आकृती काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवणे ही जुनी आणि उत्तम रीत आहे. काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत, विशेषतः वायरी आणि केबल कोणत्या बाजूने गेल्या आहेत त्यांची.

टाकी उचलताना

झाकणांपुरते काम असेल, तर धोका पैशांचा. टाकी उचलायची झाली, की आगीचा. काम मोकळ्या हवेत करावे. इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये, जेथे कोणी विडी पेटवील किंवा शेजारी वेल्डिंग चालू असेल, तेथे पेट्रोलची नळी सोडू नये. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे आणि टाकीत पेट्रोल कमी असावे. पेट्रोलचे वजन लिटरला पाऊण किलोच्या आसपास असते. दहा लिटर भरलेली टाकी म्हणजे साडेसात किलो पेट्रोल आणि वर टाकीचे स्वतःचे वजन. ती एकट्याने तिरकी उचलताना हात घसरतो.

त्याआधी बॅटरी सोडवावी. प्रथम ऋण टोक, मग धन टोक. जोडताना बरोबर उलटा क्रम. यामागे कारण आहे. गाडीची संपूर्ण चौकट ऋण टोकाला जोडलेली असते. धन टोक आधी सोडविताना पाना चौकटीला टेकला, तर थेट ठिणगी उडते. ऋण टोक आधीच सुटलेले असले, तर पाना टेकूनही काही होत नाही.

बहुतेक साध्या मोटरसायकलींत सीट काढल्यावर टाकीच्या मागच्या टोकाला एक बोल्ट दिसतो आणि पुढच्या बाजूला टाकी चौकटीवरील दोन गोल रबरांवर खोचलेली असते. बोल्ट काढून टाकी मागे सरकवून उचलायची असते, सरळ वर नव्हे. कार्ब्युरेटरच्या गाडीत आधी कॉक बंद करून नळी सोडवावी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत इंधन इंजेक्शन आले. यांत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि इंजिन बंद असतानाही नळीत दाब टिकून राहतो. ती नळी थेट ओढली, तर पेट्रोलची चिळकांडी डोळ्यांत उडते. पंपाचे विजेचे कनेक्शन सोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवल्यास दाब उतरतो. त्यानंतर चावी बंद करून, बॅटरी सोडवून, नळीभोवती फडके धरून तिचा जोड सोडवावा. ज्याला याची खात्री वाटत नाही, त्याने इंजेक्शनच्या गाडीची टाकी घरी उचलू नये, हे बरे.

स्कूटरची कथा थोडी निराळी आहे. अनेक स्कूटरमध्ये इंजिनाच्या वरच्या भागापर्यंत पोहोचायला सीटखालची डिक्की काढावी लागते आणि ती चार-पाच बोल्टांत निघते. डिक्कीखाली पडलेला बोल्ट इंजिनाच्या खोबणीत जाऊन बसतो, म्हणून आधी खाली फडके अंथरावे. विजेवरील स्कूटरच्या बाबतीत नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसताच हात थांबवावा. त्यापुढचे काम कंपनीच्या माणसाचे.

चढविताना

गाडी मोकळी झाली, फिल्टर साफ झाला, आता आवरण परत चढवायचे. येथे घाई सर्वाधिक असते, कारण तोवर जेवणाची हाक आलेली असते.

पहिले लक्ष केबलींकडे. टाकीखालून ॲक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल आणि वायरींचा मुख्य जुडगा जातो. टाकी बसविताना यांपैकी काही रबराखाली किंवा चौकटीच्या कडेवर दबले, तर दोन प्रकारचे अनर्थ संभवतात. केबल दबली, तर मूठ सोडूनही इंजिनाचा वेग उतरत नाही किंवा हँडल वळविताच वेग आपोआप चढतो. गर्दीच्या चौकात यू-टर्न घेताना असे झाले, तर काय होईल ते सांगायला नको. वायर दबली, तर इंजिनाच्या कंपनाने तिचे आवरण हळूहळू झिजते, आतील तांबे चौकटीला टेकते आणि फ्यूज उडतो. मग वायर शोधण्याऐवजी अधिक क्षमतेचा फ्यूज घातला जातो आणि जळका वास येऊ लागतो.

म्हणून टाकी बसवून बोल्ट आवळण्यापूर्वी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन-तीनदा फिरवावे. सर्व जोडण्या पूर्ण झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये चालू करून, मूठ न पिळता, पुन्हा तेच करावे. इंजिनाचा आवाज तसूभरही बदलता कामा नये. बदलला, तर टाकी पुन्हा उतरवावी. दुसरा उपाय नाही.

पुष्कळ टाक्यांच्या झाकणाभोवती साचणारे पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी टाकीतून एक बारीक नळी खाली सोडलेली असते. ती परत जोडायची राहिली, तर पाणी थेट विजेच्या जोडण्यांवर ठिबकते. ती मुडपली गेली, तर पाणी झाकणाशी साचून टाकीत झिरपते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढले आहे. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि पाणी प्रमाणाबाहेर झाले, की ते मिश्रण पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. नेमका तोच थर आधी इंजिनाकडे जातो. श्रावणात अचानक बंद पडणाऱ्या गाडीचे मूळ कधी कधी दिवाळीत उचललेल्या टाकीत असते.

इंजेक्शनच्या अनेक गाड्यांत आणखी एक नाजूक वस्तू असते. गाडी आडवी पडल्यास इंजिन बंद करणारा हा संवेदक सीटखाली, झाकणामागे किंवा हेडलाइटजवळ बसविलेला आढळतो. तो सुटला, तर छायाचित्रात होता त्याच दिशेने बसवावा. उलटा बसला, तर गाडी पडलेलीच आहे असे संगणकाला वाटते आणि ती चालू होत नाही. मालक मग बॅटरीला दोष देत बसतो.

आता बोल्ट. सर्व बोल्ट प्रथम हाताने दोन-तीन आटे बसतील इतकेच लावावेत. एक बोल्ट पूर्ण आवळून पुढच्याकडे वळले, की शेवटचे छिद्र जुळत नाही आणि झाकण ओढून-ताणून बसवावे लागते. त्या ताणातच पुढचा तडा असतो. छिद्र जुळत नसेल, तर आधीचे सैल करावेत. प्लॅस्टिकमध्येच बसणारा स्क्रू आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ असा हलका धक्का जाणवला, की जुने आटे सापडले असे समजावे आणि मग सुलट पिळावे. अन्यथा स्क्रू दर वेळी नवे आटे पाडतो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी छिद्रच निकामी होते.

किती आवळावे, हा प्रश्न अनुभवावर सोडला जातो. सहा मिलिमीटरच्या सर्वसाधारण बोल्टाला धातूत सुमारे १० न्यूटन मीटर पुरतात. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलोंचा भार. प्लॅस्टिकवर याहून बराच कमी जोर हवा आणि नेमका आकडा पुस्तिकेतला पाहावा. अनेक झाकणांत रबराच्या आत एक छोटा लोखंडी बुश असतो. बोल्ट त्या बुशवर आवळला जातो आणि प्लॅस्टिक रबरात तरंगत राहते. तो बुश जमिनीवर घरंगळून हरवला, की बोल्टाचा सारा दाब प्लॅस्टिकवर येतो. बोल्ट नेहमीसारखाच आवळला, तरी मग झाकण तडकते. दोन-चार रुपयांची ही वस्तू. पण काढलेल्या बोल्टांसोबत तिचीही मोजदाद ठेवावी.

काढले ते परत लावायचे

काही भाग एकदा निघाले, की परत लागतच नाहीत. साडीगार्ड ‘दिसायला वाईट’ म्हणून आणि चेनचे कव्हर ‘आवाज करते’ म्हणून माळ्यावर जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ व्या नियमानुसार मोटरसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकडीची दांडी, पायटेकणी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण असणे बंधनकारक आहे. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन होणारे अपघात पाहता या नियमाकडे पोलिसी कटकट म्हणून पाहणे बरोबर नव्हे.

मागचे मडगार्ड उतरविताना नोंदणी क्रमांकाच्या पट्टीचाही विचार करावा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पट्टी बसवून मिळते आणि महाराष्ट्रात त्यापूर्वीच्या वाहनांनाही ती सक्तीची करण्यात आली. तिचे कुलूप एकदाच लागणारे असते. तोडले, तर पुन्हा बसत नाही. त्यामुळे पट्टीला हात न लावता ती ज्या पट्ट्यावर बसविली आहे, तो पट्टाच मडगार्डापासून सोडवावा.

कान तुटलाच तर

तुकडा फेकू नये. झाकण एबीएसचे असेल, तर त्याच प्लॅस्टिकचे कण ॲसिटोनमध्ये विरघळवून लापशीसारखा लेप करावा आणि त्याने तुकडा आतील बाजूने जोडावा. एक दिवस सुकू द्यावा. हे सांधणे मजबूत असते, कारण ॲसिटोन एबीएस विरघळवितो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. तोच ॲसिटोन बाहेरच्या रंगावर सांडला, तर रंगही उतरवितो. फेव्हिक्विकसारखा डिंक लगेच धरतो. पण सांधा ठिसूळ राहतो आणि कंपनाने सुटतो. पॉलिप्रॉपिलीनवर मात्र ॲसिटोन निरुपयोगी आहे आणि साधे डिंकही धरत नाहीत. तेथे प्लॅस्टिक वेल्डिंग करणारा कारागीर गाठावा.

क्लिपा, ग्रोमेट, बुश ही किरकोळ मंडळी पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या भागांच्या दुकानांतून मिळतात. जुना नमुना खिशात घेऊन जावे, कारण आठ मिलिमीटरच्या छिद्रात सहाची क्लिप बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच गतिरोधकावर गळून पडते. काम झाल्यावर ब्रेकचा दिवा, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर आणि हॉर्न तपासावा, टाकीजवळ नाक नेऊन पेट्रोलचा वास येतो का ते पाहावे आणि पन्नासेक किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व बोल्टांना एकदा पाना लावून पाहावा.